पट्टा तुटलेला नाही

मी पट्टा बोलतोय. कमरेचा नव्हे आणि शिपायाच्या छातीवरचाही नव्हे. मी मागाचा पट्टा. चार बोटं रुंद, पंधरा फूट लांब, चामड्याचा. वर छताला टांगलेल्या लोखंडी दांड्यावरून खाली मागाच्या चाकावर आणि चाकावरून परत वर, असा मी सारखा फिरायचो. मोटार दांड्याला फिरवायची, दांडा मला, मी मागाला, आणि माग साडी विणायचा. म्हणजे साडीशी माझं नातं तसं लांबचंच. पण मी नसलो की मोटार नुसती घूं-घूं करत बसायची आणि माग ढिम्म हलायचा नाही. एवढा तोरा मी मिरवला तर चालवून घ्या.

माझं मूळ कातडं बैलाचं. निपाणीच्या शिवारात तंबाखूच्या रानात राबलेला एक पांढरा बैल होता, म्हातारा होऊन गोठ्यातच गेला, त्याचं. बैलाच्या आठवणी कातड्यात किती उरतात ते मला सांगता येणार नाही. पण एक उरली आहे. सोमवारी मान हलकी असायची. त्या भागात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. काम कितीही तुंबलेलं असो, शेतकरी स्वतः खुरपं घेऊन वाकेल, पण बैलाला हात लावणार नाही. मला त्यात काही विशेष वाटत नसे. आठवड्यातून एक दिवस मान हलकी असणारच, असं मी धरून चाललो होतो.

पुढं ते कातडं कमावून भावकूच्या हाती आलं. भावकू मूळचा निपाणीचा, पण शहापूरच्या बाजारात बसायचा. चपला करायचा, आणि यंत्रमाग आल्यापासून पट्टेही. त्यानं मला कापलं तो दिवस मी विसरणार नाही. त्यानं आधी एक रेघही ओढली नाही. गुडघ्याखाली कातडं धरलं, जीभ दाताखाली दाबली आणि रापीचं पातं एका दमात शेवटपर्यंत नेलं. मग तुकडा तुकड्याला जोडला. त्या कडा पुढं कुणी मोजून पाहिल्या असत्या तर तसूभर फरक सापडला नसता. माणसाच्या हाताचं नवल मला तिथूनच वाटू लागलं ते आजतागायत वाटतंय.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली वडगावचा एक विणकर मला न्यायला आला. नाव तम्मण्णा. वय असेल तिशीच्या आतबाहेर, खांद्यावर टॉवेल, बोटं लांब. घरातला बापाचा हातमाग काढून त्यानं दोन यंत्रमाग बसवले होते. भावकूनं मला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "अण्णा, काम झालं की पट्टा चाकावरनं उतरवून खुंटीला अडकवा. ताणलेला तसाच ठिवलासा तर चार म्हैन्यात ढिल्ला पडतोय."

"लोखंड फिरवायला नेतोय," तम्मण्णा हसून म्हणाला, "आन तू त्येला तान्ह्या पोरागत निजवायला सांगतोस व्हय रं?"

"चामडं हाय ते, अण्णा. दमतंय."

तम्मण्णानं मान डोलावली आणि ते पुढं तंतोतंत पाळलं. माझ्या बाबतीत तरी पाळलं.

वडगावचं ते घर म्हणजे एक लांब खोली आणि मागं स्वयंपाकघर. खोलीत दोन माग, दारात सुताच्या कांड्या भरायचा रहाट. रहाटावर बसायची तम्मण्णाची बायको अंजनी. बोलणं कमी, लक्ष सगळीकडं. भिंतीला टेकून बसायची त्याची आई बायाक्का. नजर अधू झालेली, पण मागाच्या आवाजावरून सूत कुठं तुटलं ते तिला बसल्या जागी कळायचं.

पहिल्यांदा मोटार सुरू झाली आणि मी फिरलो, तेव्हा भीतीनं माझा जोड चरचरला. मग खाली पाहिलं. सुताची कांडी पोटात घेऊन धोटा इकडून तिकडं धावत होता आणि जिथं नुसते उभे धागे होते तिथं कापड तयार होत होतं. हिरवंगार, लाल काठाचं, बोटाबोटानं पुढं सरकणारं. मी किती वेळ पाहत राहिलो कुणास ठाऊक. मध्येच एक धागा तुटला. तम्मण्णानं माग थांबवला, केसासारखी ती दोन टोकं नुसत्या बोटांनी शोधली आणि गाठ मारली. मला तर ती गाठ दिसलीसुद्धा नाही. ज्या माणसासाठी मी फिरतोय तो असातसा नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि मी जरा जास्तच ताठ होऊन फिरू लागलो.

त्या घरातलं सगळ्यात मोठं नवल मात्र मी महिन्याभरानं पाहिलं. एके सकाळी तम्मण्णा आला, त्यानं मला चाकावरून उतरवलं, एरंडेलाचा हात फिरवला आणि खुंटीला अडकवलं. दुसऱ्या पट्ट्यालाही तसंच. अंजनीनं दोन्ही मागांना हळदकुंकू लावलं. त्या दिवशी अमावास्या होती, आणि विणकरांच्या गल्लीत अमावास्येला माग चालवत नसत. एकट्या आमच्याच घरात नव्हे, सगळ्या गल्लीत. रोज पहाटेपासून जो खडखडाट चालायचा, ज्यात शेजारणीला हाक मारायची तर गळ्याच्या शिरा ताणाव्या लागत, तो एकाएकी नव्हताच. मला वाटलं काहीतरी बिघडलं. मग हळूहळू ऐकू येऊ लागलं. कुठं तरी जातं फिरत होतं. चार घरं पलीकडं कुणी खोकलं. कौलावर कावळ्याची नखं वाजली. तम्मण्णा दुपारी जेवून जो आडवा झाला तो उन्हं उतरेपर्यंत झोपला, आणि उठल्यावर उंबऱ्यात बसून अंजनीशी बोलला. काय बोलला ते सांगण्यासारखं नव्हतं, भोपळ्याच्या वेलाबद्दलच काहीतरी. पण इतक्या हळू आवाजात माणसं बोलतात हे मला माहीतच नव्हतं. मी खुंटीवर लटकून ते ऐकत होतो आणि माझे सगळे पीळ सुटत होते.

तीन वर्षं असं चाललं. मग नागोजीआप्पाची लुना दारात जास्त वेळा थांबू लागली.

नागोजीआप्पा म्हणजे आमच्या मागांना सूत देणारा आणि तयार साड्या नेणारा व्यापारी. वाईट माणूस नव्हता तो. गल्लीतल्या मुलांच्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवायचा, बायाक्काच्या पाया पडायचा. फक्त त्याला थांबलेला माग बघवत नसे. लग्नसराईच्या तोंडावर एका अमावास्येला तो आला, बंद मागांकडं पाहिलं आणि बाजेवर बसला.

"तम्मण्णा, एक इचारू? हातमागावर देवी बसत हुती, म्हणून तुमी अमावास्या पाळत हुतासा. बरोबर?"

"व्हय आप्पा. बा पाळायचा."

"ह्या मोटारीवर कंचा देव बसतोय? कंपनीचा पत्रा तेवढा ठोकलाय त्येच्यावर."

तम्मण्णा हसला, पण हसता हसता विचारात पडला. त्यानं आईला विचारलं. बायाक्का म्हणाली, "तुझा बा म्हणायचा, आज मागाला इसावा. आता ह्यो माग नवा. ह्येचं मला काय ठाऊक रं?"

झालं. विसावा मागाचा आहे, आणि हा माग काही देवीचा नाही. हिशेब सगळ्यांना पटला. अगदी मलाही. तम्मण्णानं मला खुंटीवरून काढून चाकावर चढवलं. त्या दिवशी गल्लीत आमचं एकच घर वाजत होतं आणि त्याचा मला अभिमान वाटला, हे मी लपवत नाही. पुढच्या अमावास्येला तीन घरं वाजली. वर्षभरात गल्लीतली ती शांतता कुठं गेली, कुणालाच कळलं नाही.

एकदा कुंपण मोडल्यावर गुरं थोडीच एका वाफ्यापाशी थांबतात. आधी अमावास्या गेली. मग दिवेलागणीला माग थांबायचा तो जेवण झाल्यावर थांबू लागला. मग जेवण मागापाशीच येऊ लागलं. नागोजीआप्पा म्हणायचा, "तुझ्यासारखा तूच, तम्मण्णा. दुसऱ्याला दिलं तर आठ दिस लावतोय." आणि तम्मण्णाच्या तोंडातून "नाही" निघतच नसे. मी त्याचं तोंड वरून पाहायचो. शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथून "बघतो की आप्पा" होऊन बाहेर पडायचा. त्याला खाण्यापिण्याची ददात होती म्हणून नव्हे. वडगावात विणकराला आळशी म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं, आणि ते कुणी आपल्याला म्हणेल या धास्तीनं तो पळत होता.

इतक्या कामानं मी सैल पडू लागलो. चाकावर घसरायचो. तो माझ्यावर राळेची पूड टाकायचा, की मी पुन्हा चाक घट्ट धरायचो, पण आतून कोरडा पडत जायचो. स्वतःवर तो चहा टाकायचा. दिवसाला किती कप, ते अंजनीलाच माहीत. शेवटी तो भावकूकडून तिसरा पट्टा घेऊन आला. दोन पट्टे मागांवर, एक आलटून पालटून खुंटीवर. कारण चामडं दमतं, हे त्याच्या नीट लक्षात होतं. माझी पाळी आली की मी खुंटीवरून त्याला पाहायचो. पट्टे तीन होते आणि माणूस एकच होता, आणि हे त्या घरात कुणाला खटकलं नाही, याचं मला आज आश्चर्य वाटतं.

करंट गेला तरी तो बसायचा नाही. मागावर हात ठेवून, वर दिव्याकडं बघत उभा राहायचा. अंजनी म्हणायची, "जरा पाठ टेका की." तो म्हणायचा, "आत्ता येईल." दोन दोन तास तो तसा उभा असायचा. भाकरीबरोबर काय खाल्लं ते त्याला हात धुताना सांगता येत नसे. बायाक्कानं हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळायचा, आणि वळला की वसकन अंगावर यायचा. आणि एकदा मी असं पाहिलं की माझा विश्वास बसेना. धोट्यातलं सूत संपलं होतं. धोटा रिकामाच धावत होता. तम्मण्णा समोर उभा, डोळे उघडे, नजर थेट कापडावर, आणि कापड होतच नव्हतं. ज्याला केसाएवढा धागा तुटलेला दिसायचा त्याला हे दिसेना. बायाक्का भिंतीकडून ओरडली, "तम्मण्णा, मोकळा चाललाय रं," तेव्हा तो दचकला.

ब्याऐंशी सालची ती दुपार. तीन वाजले असतील. मी सैल होतो आणि चाकाच्या कडेला सरकलो होतो. अशा वेळी मोटार बंद करायची, मला जागेवर बसवायचं आणि मग चालू करायचं, हे तम्मण्णा झोपेतही सांगू शकला असता. पण तेवढा वेळ घालवायचा कशाला? त्यानं चालत्या मोटारीत हात घातला आणि मला ढकलायला वाकला. त्याच्या खांद्यावरचा टॉवेल पुढं लोंबला, आणि माझ्या आणि चाकाच्या मध्ये आला.

मला थांबता येत नाही हो. दुसरं कुणी थांबवलं तरच मी थांबतो. टॉवेल मी ओढला, वर नेला, दांड्याला गुंडाळला, आणि त्याच्याबरोबर तम्मण्णाही दोन पावलं माझ्याकडं खेचला गेला. टॉवेलचं दुसरं टोक त्याच्या मानेवरून सर्रकन निसटलं. तेवढ्यात अंजनीनं रहाट सोडून धाव घेतली होती आणि भिंतीवरचा खटका खाली ओढला होता.

सगळं थांबलं. मी थरथरत होतो. तम्मण्णाच्या मानेवर एक लाल वळ उठला होता. तो घाबरेल, खाली बसेल, निदान मानेला हात लावेल, असं मला वाटलं. तो अंजनीकडं वळून म्हणाला, "करंट कशाला घालवलास? काठ बिघडला की."

 स्टुलावर चढून अंजनीनं दांड्याभोवतीचा टॉवेल सोडवला. बराच वेळ लागला. दोन तुकडे झाले होते. ते तिनं नवऱ्याच्या हातात दिले.

"ह्यो खांद्यावर हुता. गळ्याला गुंडाळलेला असता तर?"

"न्हवता न्हवं," तो म्हणाला, आणि मागाकडं वळला.

तेव्हा भिंतीकडून बायाक्का बोलली. आवाज चढवला नाही तिनं. "तम्मण्णा, आज कंचा दिस हाय?"

त्याला सांगता येईना. वार आठवेना, तिथीचं तर सोडाच.

"अमावास्या हाय. हितं ये. बस."

तो बसला. म्हातारीनं चाचपडत त्याच्या मानेवरचा वळ शोधला आणि त्यावर हात ठेवला. "तुझ्या बाचा माग सागवानी हुता. लाकूड ते. लाकडाला कसला इसावा लागतोय? तीस वर्सं मी त्येला हळदकुंकू लावलं आन माज्या टकुऱ्यात आलं न्हाई. आत्ता तू वडला गेलास तवा आलं. तुला कुणी बस म्हटलं तर तू बसशील का? न्हाई बसायचास. म्हणून कुणीतरी शान्या माणसानं मागाला सुट्टी दिली. मागाच्या नावानं माणसाला बसिवलं. आन आमी खुळ्यांनी काय केलं, माग बदलला तशी माणसाची सुट्टी काढून टाकली."

मी दांड्यावरून अर्धवट लोंबत होतो. कुणी माझ्याकडं पाहत नव्हतं. पण मला तो पांढरा बैल आठवला आणि त्याची सोमवारची हलकी मान आठवली, आणि ज्या कुणी पहिल्यांदा हे ठरवलं असेल त्या अनामिक माणसाला मी मनोमन हात जोडले. पट्ट्याला हात नसतात, पण जोडले.

तम्मण्णा त्या दिवशी रडला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून, लहान मुलासारखा. मग तिथंच झोपला.

पण पटणं वेगळं आणि पार पडणं वेगळं. दुसऱ्या दिवशी लुनाचा आवाज आला तसा तो ताडकन उभा राहिला. त्याची गत ओळखून अंजनीनं वेगळीच युक्ती काढली. रोज दिवेलागणीला ती तिन्ही पट्टे उतरवायची आणि बायाक्काच्या कांबळ्याखाली सारायची. अमावास्येला तर दिवसभर. म्हातारी वर बैठक मारून बसायची. आईला उठवून पट्टे काढायची तम्मण्णाची छाती नव्हती.

पहिल्याच अमावास्येला नागोजीआप्पा आला. "आज वाजत न्हाई ते काय?"

तम्मण्णा जमिनीकडं बघत म्हणाला, "पट्टा तुटलाय, आप्पा."

कांबळ्याखाली मी कान टवकारले. मी तुटलो? मी धडधाकट होतो. पण बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नसेल, असं म्हणून मी ते गिळलं. पुढच्या अमावास्येलाही मी तुटलो. त्याच्या पुढच्याही. बायाक्का हळूच हसायची आणि तिचं वजन माझ्यावर डोलायचं.

चौथ्या अमावास्येला सकाळी सकाळी भावकू आला. नागोजीआप्पानंच त्याला धाडलं होतं, पट्टा जोडून दे म्हणून. हातात रापी, आरी, वादी. "कुठं तुटलाय, अण्णा?"

 शेवटी बायाक्का थोडी सरकली आणि अंजनीनं मला बाहेर ओढलं. भावकूनं मला एका टोकापासून बोटांतून फिरवत नेलं. स्वतः घातलेल्या जोडापाशी त्याचा अंगठा थांबला. टाका अन् टाका शाबूत होता. तो उंबऱ्यात बसला, अंजनीनं दिलेला चहा प्याला आणि सगळं समजून घेतलं.

"अण्णा, तुमी बसताय ते ब्येस करताय," तो म्हणाला. "पर एक सांगू का? माज्या हातचा पट्टा म्हैन्याला तुटतोय, असं नागोजीआप्पा बाजारात सांगतोय. त्येचंबी काय चुकलं, तुमीच सांगताय न्हवं. तीन गिऱ्हाइकं गेली माजी. माजा जोड कधी तुटल्याला न्हाई, अण्णा."

तो चिडला नव्हता, आणि तेच तम्मण्णाला लागलं. त्याचं तोंड उतरलं. आपल्या एका न निघालेल्या शब्दाची किंमत भावकू भरतोय, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. भावकू निघायला उठला तसा तम्मण्णा म्हणाला, "बस जरा. आप्पा येईल. तुज्यासमोर हू दे."

नागोजीआप्पा आला तो हातात नवाकोरा रबरी पट्टा घेऊन. कोल्हापूरहून मागवलेला. "घे तम्मण्णा, माज्याकडनं. आता तुटायची भानगडच न्हाई."

त्यानं तो बाजेवर ठेवला. तम्मण्णानं त्याला हात लावला नाही. दोन मागांचा खडखडाट अंगावर घेणारा, हत्तीसारखं काम ओढणारा माणूस, आणि एका शब्दासाठी त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी जमिनीवर पडलो होतो, भावकूच्या पायाशी. आत्ता तो बघतो म्हणेल, असं मला वाटलं.

"आप्पा," तो म्हणाला, "पट्टा तुटलेला न्हाई. एकदाबी तुटला न्हाई. भावकूचं काम पक्कं हाय. मी खोटं बोलत हुतो."

"मग माग बंद कशापायी?"

"अमावास्या हाय म्हणून."

"अरं, मोटारीला कसली अमावास्या?"

"मोटारीला न्हाई, आप्पा. मला."

नागोजीआप्पानं त्याच्याकडं, मग बायाक्काकडं, मग भावकूकडं पाहिलं. त्याला खरोखरच काही उमगेना. तम्मण्णाच पुढं बोलला. "दिवेलागणीनंतरबी मी मागावर न्हाई. दिसभर तुमचं सूत हाय आन मी हाय. कापडात खोट काढून दाखवा. पर रातीचा आन अमावास्येचा मी तुमचा न्हाई."

"सूत दुसऱ्या दारात जाईल, तम्मण्णा."

 अंजनीनं रहाटाची मूठ घट्ट धरली होती.

"जाऊ दे, आप्पा."

पंधरा वर्षं मी चाकावर होतो, किती साड्या माझ्या डोळ्यांदेखत विणून झाल्या त्याची गणती नाही, पण त्या दोन-तीन शब्दांएवढं अवघड काम मी त्या खोलीत दुसरं पाहिलं नाही. माझ्या अंगावर काटा आला म्हटलं तर तुम्ही हसाल. कातडंच आहे ते, काटा येऊ शकतो.

नागोजीआप्पा रबरी पट्टा उचलून निघून गेला. आणि सूत खरंच दुसऱ्या दारात गेलं, हे मला सांगायलाच हवं. एक माग जवळजवळ वर्षभर रिकामा उभा होता, दुसरा इकडून तिकडून मिळेल त्या सुतावर चालला. अंजनीनं चहात दूध घालणं बंद केलं. गल्लीत दोघंतिघं म्हणालेच, तम्मण्णा आळसावला. ते ऐकून तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला आणि दिवेलागणीला मला नेमानं उतरवलं. भावकूची गिऱ्हाइकं मात्र परत आली, कारण बाजारात जाऊन तम्मण्णानं स्वतःच्या तोंडानं खरं सांगितलं. वर्षानं नागोजीआप्पाही आला. एका मागाचं सूत ठेवून गेला. काठ बिनचूक हवा असेल तर तो या घरीच मिळतो, हे त्याला कळलं असावं. दुसऱ्या मागासाठी शहापूरचा एक व्यापारी मिळाला. शेजारची दोन घरं अमावास्येला बंद राहू लागली. बाकीची वाजतात. सगळी गल्ली पुन्हा तशी शांत झाली नाही, पण रिकाम्या धोट्यासमोर उभा राहणारा तो माणूस मला पुन्हा दिसला नाही. तम्मण्णाला पहिल्या हाकेला ऐकू येऊ लागलं. एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "आमटीत आज कोकम घातलंयस व्हय?" आणि अंजनी नुसती त्याच्याकडं बघत राहिली.

पुढं मी म्हातारा झालो. एकोणनव्वद साली आमच्याही मागांवर रबरी पट्टे आले आणि तम्मण्णानं मला भावकूकडं नेलं. भावकूनं मला ओळखलं. मला कापून त्यानं तम्मण्णासाठी चपलांचा एक जोड केला. टाचेखाली मी, चवड्याखाली मी, अंगठ्यातही मीच. इतकी वर्षं मी जीव तोडून पळत होतो आणि त्या खोलीच्या बाहेर वीतभरसुद्धा गेलो नव्हतो. आता एका माणसाच्या चालीनं, रमतगमत, मी चिखल पाहिला, ऊस पाहिला, हिंडलग्याच्या रस्त्यावरची चिंचेची सावली पाहिली. जग एवढं मोठं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्याही घरात असा कुणी असेल, तिसऱ्या हाकेला वळणारा. त्याला मागाच्या, पट्ट्याच्या नाहीतर देवाच्या नावानं बसवायची पाळी येऊ देऊ नका. त्याला "मी दमलोय" एवढं स्वतःच्या नावानं म्हणता यावं, आणि ऐकणाऱ्यानं ते ऐकून घ्यावं, एवढंच या जुन्या कातड्याचं मागणं आहे.

आज अमावास्या. अंजनीचं माहेर उचगावला, तिकडं दोघं निघाले होते. वाटेत मार्कंडेय नदी लागली तसा तम्मण्णानं मला पायातून काढून गवतावर ठेवलं आणि पाण्यात पाय सोडून बसला. अंजनी शेजारी शेंगा सोलते आहे.  उन्हं कलायला लागली आहेत.

"निघायचं का?" अंजनी विचारते. "माहेरी वाट बघत असतील."

"बसू की अजून," तम्मण्णा म्हणतो.

मीही इथं थांबतो.